कराचीहून मुंबईला, एका सोयरिकीसाठी

मुंबईहून परतल्यापासून रोज संध्याकाळी कोणी ना कोणी दार वाजवतं. गिरगाव तसंच आहे का, चौपाटीवर अजून भेळ मिळते का, बोट लागली का. मग आवाज खाली आणून, कुसुमचं काय झालं? सांगून सांगून माझा घसा बसला आहे. शिवाय दरवेळी सांगताना मी थोडं गोड करून सांगतो, हेही माझ्या ध्यानात आलं आहे. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. कराचीत मराठी वाचणारी जी मोजकी घरं उरली आहेत त्यांत हे कागद फिरवा आणि मला पुन्हा विचारू नका.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुसुम माझी एकुलती मुलगी. फाळणी झाली तेव्हा आपली बहुतेक घरं बोटीत बसून मुंबईला गेली. मी राहिलो. बायको अंथरुणाला खिळलेली होती, पारशी शेठच्या पेढीवरची नोकरी चालू होती, आणि जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं हेही मला कळत नव्हतं. कराची मुंबई इलाख्यात होती तेव्हाचा माझा जन्म. पुढे सिंध वेगळा झाला, मग देश वेगळा झाला, आणि त्या सगळ्या वेळी मी त्याच गल्लीत त्याच खाटेवर झोपत होतो. आता बायको राहिली नाही आणि मुलगी लग्नाची झाली. इथे आपल्यात उपवर मुलगे दोन. एक तिच्याहून कितीतरी लहान आणि दुसऱ्याला तुम्ही सगळे चांगले ओळखता. तेव्हा मुंबईत स्थळ बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बॅलार्ड पियर

बोटीतून उतरताना डोळ्यांत पाणी येईल अशी माझी कल्पना होती. आलं नाही, कारण उतारूंच्या दोन रांगा केल्या होत्या आणि आमची रांग हलेना. टेबलामागचा अधिकारी माझ्या पासपोर्टाकडे बघे, मग माझ्या टोपीकडे. त्याने आधी इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत. मी मराठीत उत्तर दिलं तसा तो चमकला.

"अहो, तुम्ही मराठी?"

"होय."

"मग पाकिस्तानी कसे?"

"राहत्या जागी झालो."

त्याला ते आवडलं नाही. येण्याचं कारण विचारलं. मुलीचं लग्न, मी म्हटलं. ठरलंय का? ठरवायला आलोय. मुलगी ती हीच का? कुसुम माझ्यामागे ट्रंकेवर हात ठेवून उभी होती, तिने मान खाली घातली. व्हिसा फक्त मुंबईचा, त्याने बजावलं. शहराची हद्द ओलांडायची नाही आणि उद्याच्या आत पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. "रत्नागिरीला कुलदेवाच्या पाया पडून लगेच परत आलो तर?" मी विचारून पाहिलं. त्याने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परळ

माझा मावसभाऊ बाबू आम्हाला न्यायला आला होता. तो गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करतो. "तात्या, इलंस रे!" असं ओरडून त्याने मला कवटाळलं, तेही एकाच हाताने. दुसरा हात खांद्याच्या वर जात नाही. मुंबईसह महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चात पोलिसांची लाठी बसली तेव्हापासून तसा आहे. हे त्याने असं सांगितलं की जणू कोणाच्या लग्नात पान खाताना दात दुखावला.

चाळीच्या भिंतींवर चुना कमी आणि घोषणा जास्त आहेत. जिन्याशी एका पोराचा हार घातलेला फोटो आहे. तो त्याच चळवळीतल्या गोळीबारात गेला. त्याची आई रोज सकाळी नळावर जाताना त्या काचेवरून पदर फिरवते आणि मग हंडा उचलते. तिच्याशी काय बोलावं ते मला अखेरपर्यंत सुचलं नाही. जिन्यातल्या भिंतीवर मुलांनी खडूने महाराष्ट्राचा नकाशा काढला होता. त्यात बेळगाव होतं, कारवार होतं, गोवासुद्धा होतं. मी गमतीने म्हटलं, "अरे, कराचीपण घ्या की. एके काळी मुंबई इलाख्यातलीच ती." एकजण गंभीरपणे म्हणाला, "काका, आधी बेळगाव मिळू दे."

बाबूच्या दोन खणांच्या खोलीत त्यांची पाच माणसं आणि आम्ही दोघं. बाबूची बायको शेवंता हिने पहिल्याच दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं केलं. आपल्या सिंधूतल्या पल्ला माशाच्या चवीला सोकावलेली कुसुम डोळ्यांतून पाणी काढत जेवली आणि पुन्हा वाढा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे नळाच्या रांगेत उभी राहू लागली. बायका तिला "ए कराची, तुझा हंडा सरकव" म्हणू लागल्या. इतकी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिली.

पोलीस ठाण्यातला हवालदार मालवणचा निघाला. माझं बोलणं ऐकून खुलला. "गाव खंयचा तुमचा?" मी आजोबांचं गाव सांगितलं. "अरे, मगे तुम्ही आमच्या शेजारचेच!" त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मग पासपोर्ट उघडला, आणि तिथून पुढचं सगळं तो हिंदीत बोलला. चहा आला तो मी उभ्यानेच घेतला.

चाळीखाली इराण्याचं हॉटेल आहे. तिथे एकाच वर्तमानपत्राची पानं सुटी होऊन टेबलाटेबलांवर फिरतात. त्या आठवड्यात पानोपानी करारच करार होते. अमेरिकेने पाकिस्तानला नवी विमानं दिली. रशिया गुरगुरला. बगदाद करारातले देश पुन्हा जमणार होते, मनिला करारातलेही; पाकिस्तान दोन्हींत. चीन भाऊ आहे तो सख्खा की चुलत, यावर कोणीतरी लांबलचक लेख लिहिला होता. एका गिरणीकामगाराने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला डिवचलं, "काय शेठ, बगदादमदी तुमचा इराणपण हाय ना?"

म्हातारा पैसे मोजता मोजता म्हणाला, "हम उधर रहता तो हमको पूछता. इधर खाली चाय का पूछो, बाबा."

बाबूने पान खाली ठेवलं. "अमेरिकेन पाकिस्तानाक हुंडो बरो दिल्यान हां! पण तात्या, माका एक सांग. चेडू नांदाक खंय जातला?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण नजर छताकडे गेली, कारण माझं चेडू, माझी पोर, वर शेवंताबरोबर तांदूळ निवडत बसलं होतं.

गिरगाव

बघण्याच्या कार्यक्रमाला नवं लुगडं हवं म्हणून कुसुमला घेऊन गिरगावात गेलो. लुगड्यांची दुकानं पाहून ती हरखून गेली. दुकानदार प्रत्येक लुगडं अंगावर धरून दाखवतो आणि घेतलं नाही तरी चेहरा पाडत नाही. आपल्या सदर बाजारातल्या दुकानदारांना हे कोणीतरी शिकवलं पाहिजे. हिरवं घेतलं.

परतताना चौपाटीवर सभा चालू होती, म्हणून थांबलो. वक्ता गोव्याबद्दल बोलत होता. म्हणाला, गोवा पोर्तुगालचाच प्रांत आहे असं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री म्हणतो, कारण पोर्तुगाल त्यांच्या गोटात. पाकिस्तानला विमानं मिळतात, कारण पाकिस्तानही त्यांच्याच गोटात. मग ज्याला गोट नाही त्याने काय करायचं? लोक पेटून उठले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. गोव्याचं मलाही वाटतं, का वाटू नये? मग मध्येच हात थांबले. मी टाळ्या वाजवतोय त्या कोण म्हणून, तेच मला सांगता येईना. शेजारच्याने विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "रत्नागिरीकडचे." कुसुमने माझ्याकडे पाहिलं आणि लुगड्याचं पुडकं दुसऱ्या हातात घेतलं.

पुन्हा परळ

स्थळ शेवंताच्या माहेरच्या ओळखीचं. इथे मी त्यांना राणे म्हणतो, ते त्यांचं नाव नव्हे. मुलगा सुधाकर, एका सरकारी कारखान्यात नोकरीला. तिथे काय बनतं ते घरीही सांगायचं नसतं, हे त्याच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं. वडील शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, राणेमास्तर. बरोबर मुलाची आई आणि मामा. त्या मामांनीच मुलाला तिथे चिकटवलेलं.

मास्तरांची भाषा ऐकून मी विरघळलो. "आपण असे वर बसा. आपला प्रवास सुखाचा झाला ना? आपण साखर घेता?" कराचीत कानावर दिवसभर "आप" पडतं, पण ते उर्दूतलं. शुद्ध मराठीत मला इतक्या मानाने कोणी बोलावून किती वर्षं झाली होती! कुसुम पोहे घेऊन आली. सुधाकरने तिला विचारलं, तिकडे मराठी पुस्तकं मिळतात का. ती म्हणाली, "आहेत तीच पुन्हा वाचतो." त्याला हसू आलं. मुलाची आई तर तिला जवळ बसवून बांगडीचं माप बघत होती. जमलं, असं मनात म्हणत मी जरा सैल बसलो.

मग गोष्टी वर्तमानपत्राकडे वळल्या. मास्तर म्हणाले, "या गटबाजीत आपण कुठल्याच गटात नाही, हे एक बरं आहे."

मला वाटलं, या सज्जन गृहस्थांना चुकीची माहिती आहे. म्हणालो, "नाही हो, दोन्हींत आहोत. बगदादच्या करारातही आणि मनिलाच्याही."

सगळे खो खो हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं होतं. ते का हसले हे मला कळलं नाही, पण सोयऱ्यांबरोबर हसायचं म्हणून मीही हसलो.

मामांनी बशी खाली ठेवली. "गंमत सोडा. आपली विमानं टिकतील का हो त्यांच्यापुढे?"

"न टिकायला काय झालं? नवी कोरी आहेत, अमेरिकेची. आमच्या घरावरून जातात तेव्हा फडताळातले डबे वाजतात. त्यांच्याकडे तशी कुठून येणार?"

"त्यांच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"म्हणजे तुमच्या..." इतकं म्हणालो आणि थांबलो.

पाणी आणायला उठलेली कुसुम आतल्या दारातून हळूच म्हणाली, "बाबा, ते इथल्या विमानांचं विचारतायत."

आपल्या मराठीत "आपण" म्हणून समोरच्याला मान देता येतो, आणि तुम्ही-आम्ही मिळून सगळे, असंही म्हणता येतं. मी सारखा मान घेत बसलो होतो. मास्तर साखरेचं विचारताना मान देत होते, पण देशाचं बोलताना मला त्यांच्यात धरत होते. मामासुद्धा धरत होते. पासपोर्ट ठाऊक असून त्या माणसांनी मला आपल्यातला मानलं, आणि मी स्वतःच्या तोंडाने बाहेर पडलो. आज इतक्या दिवसांनीही ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

कोणी वाकडं बोललं नाही. पोहे संपवले, चहा घेतला, कळवतो म्हणाले. मामा जाताना जिन्यातल्या नकाशाकडे बघत थांबले आणि मग भराभर उतरून गेले.

दादर

आठवडाभराने मास्तरांनी मला एकट्याला दादर चौपाटीवर बोलावलं. ओहोटी होती. आम्ही वाळूत रुमाल पसरून बसलो. बराच वेळ ते समुद्राकडे पाहून हवापाण्याचं बोलत राहिले. ते आता मला "तुम्ही" म्हणत होते.

"मुलगी सगळ्यांना पसंत आहे. सुधाकर तर हट्टाला पेटलाय. कायदा आडवा येत नाही. लग्न झालं की ती अर्ज करील, इथली होईल. पण त्याची नोकरी कसली आहे ते तुम्ही जाणता. मामा धास्तावलेत." त्यांनी वाळूची मूठ भरली आणि सोडली. "घरात कराचीचं पत्र येतं, हे एकदा कोणाच्या डोळ्यांवर आलं की पोराचं नुकसान होईल. म्हणून... पत्र नको. तिचं तुम्हाला नको, तुमचं तिला नको. निरोप नको, येणंजाणं नको. मला सांगायला लाज वाटते."

माझं डोकं फिरलं. "मास्तर, तुमचा देश तटस्थ आहे ना? दोन्हीकडे बोलतो ना?"

"देश बोलतो," ते म्हणाले. "आमच्यासारख्या घराला ते परवडत नाही."

त्यांचा रागही धड करता येईना. माणूस वाईट असता तर मी चार शब्द सुनावून, मुलीचा हात धरून बोटीत बसलो असतो. चालत परळला आलो. वाटेत कुठला रस्ता लागला, काही आठवत नाही.

घरी बाबू मोर्चाला गेला होता, मुलं गॅलरीत खेळत होती. मी कुसुमला जसंच्या तसं सांगितलं. ती शिवणकाम करत होती, ते तिने थांबवलं नाही.

"मी तुमच्याबरोबर परत येते," ती म्हणाली.

"परत येऊन काय करणार? कोणाशी लग्न करणार?"

"नाही करणार."

"आणि मी गेल्यावर? त्या शहरात एकटी राहणार?"

तिने दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "तुम्हाला ताप आला तर मला कोण कळवणार?"

"ताप उतरला की कळवायचं काय असतं?"

"आणि नाही उतरला तर?"

मी तिच्यावर खेकसलो, हट्टी आहेस म्हणालो, आईच्या वळणावर गेली आहेस म्हणालो. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि लोकांच्या देखत रडलो. हार घातलेल्या पोराची आई समोरून आली, तिने काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या संध्याकाळी सुधाकर एकटाच आला. शेवंताने सगळ्या पोरांना आत कोंडलं आणि स्वतः दारात उभी राहिली. ती दोघं गॅलरीच्या टोकाशी उभी राहून बोलली. तो गेल्यावर कुसुम माझ्यापाशी येऊन बसली.

"मी त्याला विचारलं, हे किती दिवस चालणार. तो म्हणाला, मला माहीत नाही. कदाचित कायमचंच."

"मग?"

"वर्षभरात सगळं ठीक होईल असं म्हणाला असता तर मी नाही म्हणणार होते." ती माझ्या हाताच्या शिरा चाचपत होती, लहानपणी चाचपायची तशी. "तो खोटं बोलला नाही, बाबा. तुम्ही सांगाल तर करते."

कर, असं मीच सांगितलं. हे तुम्ही नीट वाचा, कारण तिने बापाला टाकलं असं आपल्यातली काही मंडळी बोलतात, ते माझ्या कानावर आलं आहे.

लग्न मास्तरांच्या घरीच झालं, मोजक्या माणसांत. ती गिरगावातलं हिरवं लुगडं नेसली. कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "न मम म्हणा." माझी नाही, असा त्याचा अर्थ. मुलीच्या बापांनी ते नुसतं म्हणायचं असतं, पुढच्या सणाला मुलगी माहेरी येतेच. मी म्हणालो आणि पाणी सोडलं. मास्तर माझ्याहून जास्त रडत होते. जेवणात जिलबी होती, चांगली होती म्हणतात.

निघायच्या दिवशी धक्क्यावर तिने येऊ नये असं ठरलं होतं आणि ती आली नाही. बाबूने एका हाताने माझी ट्रंक वर चढवली. टेबलामागे तोच अधिकारी बसला होता.

"येताना दोघं होता."

"मुलीचं लग्न झालं."

"अरे वा, अभिनंदन!" त्याने या खेपेला मनापासून हसून शिक्का मारला. इकडे कराचीला उतरलो तर आपल्या अधिकाऱ्यानेही तेच विचारलं, पण त्याने अभिनंदन केलं नाही. जावयाची नोकरी विचारली, घरचा पत्ता विचारला. ठाऊक नाही म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं.

तुमच्यापैकी ज्यांना व्हिसा मिळेल त्यांनी मुंबई जरूर बघावी. बाबूकडे उतरा, तो तुम्हाला चौपाटीवर नेईल, शेवंता पोटभर जेवू घालील. मात्र दादरच्या बाजारात एखादी बाई ओळखीची वाटली तर तिला नावाने हाक मारू नका. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं तर रागावू नका. ती भाजी घेत असेल तर घेऊ द्या. आणि तिनेच जवळ येऊन, मी कसा आहे म्हणून विचारलं, तर बरा आहे असं सांगा. त्या वेळी मी असेन किंवा नसेन, तुम्ही तेवढंच सांगा.